प्रयोगशाळेतील ताम्र-पेप्टाइडे : मागणीपत्रापासून विल्हेवाटीपर्यंत

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खरिपाच्या हंगामात कोठेही जावे, नजरेत भरते ते सोयाबीन. या दाण्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. दाण्यात प्रथिने आहेत हे पडताळून पाहण्याची एक सोपी रीत आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. भिजवलेले सोयाबीन वाटून गाळून घेतलेले पाणी परीक्षानळीत घ्यावयाचे, त्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण मिसळावयाचे आणि मोरचुदाच्या अगदी सौम्य द्रावणाचे दोन-चार थेंब सोडावयाचे. पाहता पाहता नळीत जांभळा रंग उमटतो. यालाच बाययुरेट परीक्षण म्हणतात.

हा रंग येतो कोठून? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी होय. दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या कडीस पेप्टाइड बंध अशी संज्ञा आहे आणि अशा मोजक्याच कड्यांच्या तोकड्या साखळीस पेप्टाइड म्हणतात. अल्कधर्मी द्रावणात या बंधांतील नायट्रोजन तांब्याच्या आयनास चहूबाजूंनी धरून ठेवतात व मोरचुदाचा निळा रंग जांभळ्यात पालटतो. निदान दोन बंध, म्हणजेच तीन अमिनो आम्ले, असल्यावाचून हा रंग मिळत नाही. रक्ततपासणीच्या अहवालात 'एकूण प्रथिने' म्हणून जो आकडा छापलेला असतो, तोही बहुधा याच रंगाची तीव्रता मोजून काढलेला असतो. तांबे आणि पेप्टाइड यांची गाठ आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही, ती अशी.

एवढे प्रास्ताविक करण्याचे कारण असे की, अलीकडे 'कॉपर पेप्टाइड' हे नाव निराळ्याच वाटेने लोकांच्या कानी पडू लागले आहे. चेहऱ्यावरील सुरकुत्या, गळणारे केस, न भरणाऱ्या जखमा अशा नाना तक्रारींवर या नावाचे मलम वा द्रव विकले जाते. त्याच्या जोडीला 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेल्या लहानशा कुप्याही घरबसल्या मागविता येतात. विज्ञान आणि औषधनिर्माणशास्त्र शिकविणाऱ्या संस्था आज तालुक्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिम येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने या पदार्थावर प्रकल्प करण्याची परवानगी मागितली, तर प्राचार्यांनी काय पाहावे, खरेदी समितीने काय विचारावे आणि प्रयोगशाळा परिचराने काय सांभाळावे, याची माहिती या लेखात देण्याचा हेतू आहे.

मूळ शोध

इ. स. १९७३ मध्ये अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट व त्यांच्या सहकाऱ्याने मानवी रक्तद्रवात एक अतिसूक्ष्म पेप्टाइड असल्याचे दाखवून दिले. त्याच्या सान्निध्यात यकृताच्या पेशी प्रयोगपात्रात अधिक काळ टिकत. ग्लायसिन, हिस्टिडिन व लायसिन या तीनच अमिनो आम्लांची ही साखळी; या आम्लांच्या एकाक्षरी संकेतांवरून तिला जी.एच.के. म्हणतात. १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकातील लेखात याच गटाने असे सुचविले की, हे पेप्टाइड तांब्याला धरून ते पेशीत पोहोचविण्यास साहाय्य करीत असावे. तांब्याने युक्त असे हे संयुग गडद निळे दिसते. पुढे जखमा भरणे, त्वचेतील कोलॅजन तयार होणे इत्यादी विषयांवर त्याचे पुष्कळ प्रयोग झाले. मात्र पेशींवर किंवा उंदरांवर जे दिसले ते सर्व माणसातही तितकेच सिद्ध झाले आहे, असे समजण्याची घाई करू नये. त्वचेवर लावावयाच्या प्रसाधनात असलेला घटक आणि सुईने शरीरात टोचावयाचे औषध यांतही जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

'फक्त संशोधनासाठी' या शब्दांचा अर्थ या संदर्भात नीट ध्यानात घेतला पाहिजे. ती काही शुद्धतेची हमी नव्हे. कुपीतील पदार्थ निर्जंतुक आहे किंवा नाही, त्यात जिवाणूंपासून उत्पन्न झालेली ताप आणणारी द्रव्ये आहेत किंवा नाहीत, याची माणसासाठी आवश्यक असलेली तपासणी झालेली नाही, असाच त्याचा अर्थ होय. एकीकडे हे शब्द छापावयाचे आणि दुसरीकडे 'रोज इतके टोचून घ्या' असा सल्लाही द्यावयाचा, असे करणारा विक्रेता आढळला तर खरेदीचा विचार तेथेच सोडून द्यावा. ज्याला आपल्याच लेबलाची चाड नाही, त्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास कसा ठेवावा?

मागणीपत्रात काय लिहावे

पेप्टाइड तयार कसे होते हे थोडक्यात समजून घेतल्यास मागणीपत्र लिहिणे सुकर होते. ब्रूस मेरिफिल्ड या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि १९८४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या पद्धतीत राळेच्या सूक्ष्म मण्यांवर एकेक अमिनो आम्ल क्रमाने जोडत नेतात. येथे आधी लायसिन, मग हिस्टिडिन आणि शेवटी ग्लायसिन अशी उलट्या टोकाकडून बांधणी होते. साखळी पुरी झाली की ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्लाने ती मण्यांपासून सोडवितात, शुद्ध करतात, त्यात तांब्याचा क्षार मिसळतात आणि गोठवून कोरडी करतात. या प्रत्येक पायरीवर काही ना काही मागे राहू शकते : अर्धवट जुळलेल्या साखळ्या, आम्लाचा अंश, पाणी, न बांधले गेलेले मोकळे तांबे.

म्हणून 'शुद्धता ९८ टक्के' एवढ्याने समाधान मानू नये. एच.पी.एल.सी. नावाच्या यंत्रावर काढलेला हा आकडा फक्त पेप्टाइडांपुरता असतो. त्यात पाणी आणि क्षार मोजलेले नसतात. निव्वळ पेप्टाइड किती, हा आकडा निराळा मागावा लागतो. समजा, कुपीवर १० मिलिग्रॅम लिहिले आहे आणि निव्वळ प्रमाण ८० टक्के आहे, तर विद्यार्थ्याच्या हाती प्रत्यक्षात ८ मिलिग्रॅमच येतात. हे न जाणता केलेल्या द्रावणाची तीव्रता पहिल्या दिवसापासून चुकलेली असते आणि पुढील सर्व आलेख त्या चुकीवर उभे राहतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न तांब्याचा. एका पेप्टाइडास तांब्याचा एक अणू, असे संयुग असेल तर त्यात वजनाने सुमारे १६ टक्के तांबे येते. दोन पेप्टाइडांमध्ये एक अणू असेल तर ते सुमारे साडेआठ टक्क्यांवर उतरते. दोन्ही कुप्यांवर नाव मात्र एकच छापलेले असू शकते! तेव्हा तांब्याचे प्रमाण किती, ते कोणत्या पद्धतीने मोजले आणि मोकळे तांबे किती, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. मोकळे तांबे पेशींना मारक असते. ते जास्त असेल तर प्रयोगपात्रातील पेशी मरतील आणि विद्यार्थी बिचारा दोष देईल तो पेप्टाइडाला. ट्रायफ्लुओरोॲसिटेटचा अंशही नाजूक पेशींना बाधतो. पेशींवरील कामासाठी ॲसिटेट स्वरूप मागणे श्रेयस्कर.

यासोबत त्याच विशिष्ट घाण्याचे विश्लेषण प्रमाणपत्र हवे. कोणत्याही मालाला चालेल असे छापील नमुनापत्र नव्हे. प्रमाणपत्रावरील घाणा क्रमांक आणि कुपीवरील क्रमांक जुळला पाहिजे. रेणुभार दाखविणारा वस्तुमान-वर्णपटाचा आलेख आणि सुरक्षा माहितीपत्रकही मागवावे. माहितीपत्रक न देणाऱ्याकडून साधा कॉस्टिक सोडासुद्धा घेऊ नये, असे मला वाटते.

शासकीय व अनुदानित संस्थांतील खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा मान्य करण्याकडे स्वाभाविक कल असतो. तो गैर नाही. तथापि कमी दर ही कसोटी समान वस्तूंनाच लागू पडते. वरील सर्व अटी तांत्रिक विनिर्देशात आधीच लिहिल्या असतील तर लेखापरीक्षणाच्या वेळी महाग कुपी का घेतली, याचे उत्तर कागदावरच तयार असते. त्या नसतील, तर स्वस्त कुपी नाकारण्याचा आधारच खरेदी समितीपाशी राहत नाही. मागणी लागेल तेवढीच करावी. १०० मिलिग्रॅमची एक बाटली स्वस्त पडते हे खरे, परंतु ती पन्नास वेळा उघडली जाते. १० मिलिग्रॅमच्या दहा कुप्या घेतल्यास नऊ शेवटपर्यंत बंद राहतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली बरी. बारावीपर्यंतच्या, किंबहुना पदवीच्याही वर्गांना ही कुपी मागविण्याचे प्रयोजन दिसत नाही. धातू आणि जैव रेणू यांचा संबंध शिकवावयाचा तर सोयाबीनचे पाणी व मोरचूद पुरेसे आहेत. त्यापुढे जावयाचे झाल्यास ग्लायसिन आणि कॉपर ॲसिटेटपासून निळे कॉपर ग्लायसिनेट तयार करण्याचे प्रात्यक्षिक अल्प खर्चात होते. महागडी कुपी कपाटात आहे एवढ्याने प्रयोगशाळा मोठी होत नाही.

उन्हाळा, पावसाळा आणि शीतपेटी

कोरडी भुकटी काही दिवस सर्वसाधारण तपमानात टिकते. द्रावण तसे टिकत नाही. म्हणून माल नेहमी कोरड्या स्वरूपातच मागवावा. वैशाखात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि मोठ्या शहरातून निघालेले पार्सल तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत मध्ये किती ठिकाणी उन्हात पडून राहील, याचा नेम नसतो. शक्य तर थंडीत मागवावे आणि शनिवार-रविवार वा सणाच्या सुट्ट्या मध्ये येणार नाहीत असा दिवस पाठवणीसाठी ठरवून घ्यावा. पार्सल आले की त्याच दिवशी उघडून क्रमांक ताडून पाहावा आणि कुपी उणे २० अंश सेल्सिअसच्या शीतपेटीत, आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात, अंधारात ठेवावी. निळ्या रंगाच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते व ते आरोग्यास घातक आहे. नारिंगी प्रकारचे घ्यावे.

घरगुती शीतकपाटाचा बर्फाचा कप्पा या कामी येत नाही. आपोआप बर्फ वितळविणाऱ्या कपाटात तपमान सतत खालीवर होत असते. शिवाय तेथे खाद्यपदार्थ ठेवण्याचा मोह होतो. रसायनांच्या शीतपेटीत डबा, पाण्याची बाटली किंवा कोणाच्या वाढदिवसाचा केक असता कामा नये. वीज गेली तर पेटी उघडू नये, एवढी सूचना दारावर चिकटवावी. बंद पेटी काही तास थंडी धरून ठेवते.

कुपी बाहेर काढल्यावर लगेच उघडणे ही नेहमीची चूक आहे. श्रावणातील दमट हवेत थंड काचेवर क्षणात दव धरते. तीच गोष्ट आतल्या भुकटीची होते; पेप्टाइड ओल ओढून घेते, त्याचे गोळे होतात, वजन चुकते आणि ते लवकर बिघडते. कुपी बंद स्थितीतच अर्धा तास बाहेर ठेवून खोलीच्या तपमानावर येऊ द्यावी, मगच झाकण काढावे.

हाताळताना

मिलिग्रॅमने मोजावयाची हलकी भुकटी तोलताना डोक्यावरील पंखा बंद असावा. हे वाचून हसू येईल; पण उकाड्यात पंखा बंद करण्यास कोणी तयार नसते आणि महाग भुकटी टेबलभर पसरते. नायट्रिल हातमोजे, बंद चष्मा, सुती अंगरखा आणि भुकटी हाताळताना नाकातोंडावर मास्क ही किमान सामग्री होय. तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजूनही दिसते; ती पूर्णतः बंद झाली पाहिजे. सांडलेली भुकटी झाडूने झाडू नये, ओलसर कागदाने टिपून घ्यावी. डोळ्यात कण गेल्यास निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी व डॉक्टरांकडे न्यावे. कोणाच्या पोटात गेल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लेबल व माहितीपत्रक रुग्णासोबत पाठवावे.

या ठिकाणी तारतम्य राखले पाहिजे. दहा मिलिग्रॅम ताम्र-पेप्टाइडापेक्षा शेजारच्या फळीवरील मोरचुदाची एक किलोची बाटली अधिक धोक्याची आहे. मोरचूद पोटात गेल्यास तीव्र वांत्या होतात, यकृत व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. आणि बाययुरेट परीक्षणात डोळ्यांना खरा धोका मोरचुदाचाही नसून कॉस्टिक सोड्याचा आहे. मध्यंतरी जिल्ह्यातील एका प्रयोगशाळेत शरबताच्या बाटलीत भरून ठेवलेले निळे द्रावण मी पाहिले. लेबल नव्हते. विचारता, 'सगळ्यांना माहीत आहे ते मोरचूद आहे म्हणून' असे उत्तर मिळाले. त्या 'सगळ्यां'त जूनमध्ये नव्याने आलेली मुले नव्हती.

द्रावण करावयाचे ते निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्यात. ते एकदम सर्व न वापरता लहान लहान नळ्यांत वाटून, प्रत्येकीवर नाव, तीव्रता, घाणा क्रमांक, दिनांक आणि करणाऱ्याची आद्याक्षरे लिहून गोठवावे. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. द्रावण फार आम्लधर्मी झाले तर पेप्टाइडाच्या पकडीतून तांबे सुटते. 'क' जीवनसत्त्व तांब्याचे रूप पालटून टाकते. आणि ई.डी.टी.ए. हे द्रव्य तर पेप्टाइडापेक्षाही घट्ट पकडीचे असल्याने तांबे सरळ हिरावून घेते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त घेण्यासाठी जांभळ्या झाकणाची जी नळी वापरतात, तिच्यात हेच ई.डी.टी.ए. असते. अशा नळीतील रक्तद्रव या प्रयोगासाठी घेतला, तर विद्यार्थी ताम्र-पेप्टाइडाचा नव्हे, तांबे गमावलेल्या पेप्टाइडाचा अभ्यास करीत बसेल.

प्रयोगानंतरचे पाणी

ग्रामपंचायत व नगरपरिषदेच्या सदस्यांचा संबंध येतो तो येथे. तांबे कुजत नाही, जळत नाही. ते केवळ जागा बदलते. मोरीत ओतलेले निळे पाणी नालीतून नाल्यात, नाल्यातून नदीत वा तळ्यात जाते. मासे व शेवाळ यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही मारक असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, आय.एस. १०५०० : २०१२ प्रमाणे, लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे; अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. एका प्रयोगाच्या चार नळ्यांनी नदी बिघडणार नाही, हे उघड आहे. पण महाविद्यालयाच्या मागील शोषखड्ड्यात वर्षानुवर्षे तेच पाणी मुरत राहिले आणि शेजारी हातपंप असला, तर मग प्रश्न निराळा होतो.

साध्या मोरचुदाच्या द्रावणात धुण्याचा सोडा किंवा चुन्याची निवळी मिसळल्यास तांबे निळसर-हिरव्या साक्याच्या रूपात खाली बसते; संत्र्याच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण करणाऱ्या शेतकऱ्यास मोरचूद-चुन्याचा हा मेळ परिचित आहे. साका गाळून, वाळवून वेगळा ठेवता येतो. परंतु ताम्र-पेप्टाइडाच्या द्रावणाबाबत हा उपाय विश्वासार्ह नाही. पेप्टाइडाने तांबे धरून ठेवलेले असल्यामुळे ते खाली बसतच नाही. बाययुरेट द्रावणातही टार्टरेट नावाचा क्षार हेच काम करतो. एरवी इतक्या अल्कधर्मी द्रावणात तांबे विरघळून राहिलेच नसते. म्हणून ही दोन्ही सांडपाणी मोरीत न ओतता झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये गोळा करावीत. कॅन पाऊण भरला की तो बंद करावा, त्यावर 'तांबेयुक्त टाकाऊ द्रावण' असे ठळक लिहावे आणि त्यात आम्ल किंवा अन्य रसायनांचा टाकाऊ भाग मिसळू नये.

अशा कचऱ्यास घातक व इतर कचरा नियम, २०१६ लागू पडतात का, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी विचारून घ्यावे. विदर्भासाठी नागपूरजवळ बुटीबोरी येथे घातक कचऱ्यावरील सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. एकट्या संस्थेचा वर्षाचा कॅन तेथवर पाठविणे परवडत नाही, ही अडचण खरी आहे. तालुक्यातील चार-पाच संस्थांनी एकत्रितपणे वर्षातून एकदा व्यवस्था केल्यास खर्च वाटला जाईल, आणि गटशिक्षणाधिकारी किंवा प्राचार्यांच्या बैठकीत हा विषय घेण्यास कोणत्याही नव्या आदेशाची आवश्यकता नाही.

राहता राहिली नोंदवही. ताम्र-पेप्टाइडाची प्रत्येक कुपी साठा नोंदवहीत स्वतंत्र ओळीवर घ्यावी : मिळाल्याचा दिनांक, घाणा क्रमांक, वजन, काढलेले प्रमाण, शिल्लक, घेणाऱ्याची व देणाऱ्याची स्वाक्षरी. 'सर, केसांसाठी थोडेसे द्या' अशी मागणी येणारच. ती करणारा सहकारी असो की संस्थेचा पदाधिकारी, देता येत नाही हे सांगण्यास शिल्लक रकान्याचा आधार पुरतो. विद्यार्थ्याचा प्रकल्प संपला की उरलेल्या कुप्या त्याच्या हाती न देता विभागप्रमुखांनी मोजून ताब्यात घ्याव्यात, आणि मुदत संपलेल्या कुप्यांवर लाल शाईने तसे लिहून त्या टाकाऊ द्रावणाच्या कॅनशेजारी, कुलपात ठेवाव्यात.